रोमँटिक चित्रांत भावना नेमकी कुठे असते?

चित्रजिज्ञासू :

नमस्कार. पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासावरील जवळजवळ प्रत्येक पुस्तकात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळाबद्दल एक विधान हमखास आढळते : नियमबद्ध अभिजाततेला कंटाळलेल्या स्वच्छंदतावादी (रोमँटिक) चित्रकारांनी भावनेला अग्रस्थान दिले. वाचताना हे पटते, पण प्रत्यक्ष चित्रे समोर ठेवली की माझा गोंधळ उडतो.

पहिली शंका अशी, की भावना त्याआधीच्या चित्रांत नव्हती का? काराव्हाज्जो किंवा रूबेन्स यांच्या चित्रांत भय, वेदना, करुणा ओसंडून वाहतात. मग दोनशे वर्षांनी आलेल्या चित्रकारांनी नवे असे काय केले? दुसरी शंका कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराविषयी आहे. या चळवळीचा तो अग्रणी मानला जातो, परंतु त्याच्या गाजलेल्या चित्रांतील माणसे आपल्याकडे पाठ करून उभी असतात. 'धुक्याच्या सागरासमोरील पांथस्थ' या सुमारे १८१८ च्या चित्रात गडद हिरवा कोट घातलेला आणि हातात काठी घेतलेला एक गृहस्थ खडकावर उभा आहे, आणि तो हसतो आहे की रडतो आहे, हे कळायला काहीही मार्ग नाही. ज्या चित्रातील एकुलत्या एका माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याला भावनेचे चित्र कोणत्या अर्थाने म्हणायचे?

व्याख्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. शक्य असल्यास एखाद-दुसरे चित्र हाती घेऊन कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.


क्षितिजरेषा :

आपल्या दोन्ही शंका एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटते. भावना आधीच्या चित्रांत होतीच. बदलली ती तिची जागा.

फ्रान्समध्ये शार्ल ल ब्रूं याने १६६८ मध्ये राजाश्रयाखालच्या अकादमीत भावदर्शनावर व्याख्यान दिले आणि भय, क्रोध, विस्मय, शोक अशा एकेका विकारात भुवया किती चढतात, ओठांचे कोपरे कुठे वळतात, हे रेखाटून दाखवले. ही रेखाटने पुढे छापली गेली आणि चित्रकलेच्या शिक्षणात दीर्घकाळ वापरात राहिली. भावना चित्रातल्या पात्राला होते, ती त्याच्या चेहऱ्यावर आणि हातवाऱ्यांत वाचता येते आणि कथा ओळखीची असल्यामुळे तिचे कारणही प्रेक्षकाला ठाऊक असते, अशी त्यामागची समजूत होती. जाक-लुई दाविदने १७८४ मध्ये रंगवलेले 'होरेशियस बंधूंची शपथ' पाहा. डावीकडे हात पुढे केलेले तीन भाऊ, मध्ये तलवारी उंचावलेला बाप, उजवीकडे खचून बसलेल्या स्त्रिया. कोणाला काय वाटते आणि का वाटते, याविषयी तिथे शंकेला जागाच नाही.

आता फ्रीडरिखचे 'सागरतीरावरील साधू' घ्या. हे चित्र त्याने १८०८ ते १८१० या काळात रंगवले आणि १८१० मध्ये ते बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात लागले. कॅनव्हास सुमारे ११० सेंटिमीटर उंच आणि १७० सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग निव्वळ आकाशाने व्यापलेला आहे. खाली काळपट समुद्राचा अरुंद पट्टा, त्याखाली फिकट वाळूची उंचसखल जमीन आणि तिच्यावर मध्यापासून किंचित डावीकडे बोटाच्या पेराएवढी वाटावी अशी एक काळी उभी आकृती. एवढाच सगळा ऐवज आहे. त्या काळचे निसर्गचित्र पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला कडेला एखादे झाड, खडक किंवा भग्न कमान अपेक्षित असे, कारण तिच्या आधाराने नजर पायरी-पायरीने खोल शिरते. इथे ती सोय नाही. क्षितिजरेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाते आणि चौकटीच्या बाहेरही तशीच जात राहील असे वाटते.

विशेष म्हणजे ही रिकामी जागा आपोआप राहिलेली नाही. अवरक्त किरणांच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत समुद्रावर आधी शिडाची जहाजे रेखलेली आढळली; चित्रकाराने ती नंतर झाकून टाकली. जहाज असते तर कथा आली असती : कोणीतरी येत आहे, कोणीतरी निघून गेले आहे, साधू कोणाची तरी वाट पाहत आहे. जहाजे गेल्याबरोबर कारण गेले आणि कारणाविना उरलेली अवस्था प्रेक्षकाच्या अंगावर आली. क्लाइस्ट या जर्मन लेखकाने त्याच वर्षी या चित्राविषयी लिहिताना पापण्या कापून टाकल्यासारखे वाटते, अशा आशयाचा शेरा मारला. शेरा भयंकर आहे, पण तो साधूच्या दुःखाविषयी अवाक्षर काढत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होते तेवढेच सांगतो. नवेपणा मला तिथे दिसतो. आधी भावना पात्राची होती आणि आपण ती पाहत होतो. इथे पात्राने तोंड फिरवले आणि ती आपल्याकडे आली. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा दिसत नसल्यामुळेच आपण त्याच्या जागी उभे राहू शकतो. तो रडताना दिसला असता तर आपण त्याची कीव करून पुढच्या चित्राकडे गेलो असतो.

याला वैचारिक पाठबळही होते. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये सुंदर आणि उदात्त यांत भेद करताना अफाट विस्तार, अंधूकपणा आणि प्रचंड शक्ती यांतून सुरक्षित अंतरावरून अनुभवलेले भय हा उदात्ताचा गाभा मानला होता. फ्रीडरिख ते पुस्तक उशाशी घेऊन रंगवत होता असे मला सुचवायचे नाही, पण हवेत हा विचार होता.

जाता जाता एक इशारा देऊन ठेवतो. फ्रीडरिखची आई तो लहान असताना वारली आणि १७८७ मध्ये बर्फ फुटून त्याचा भाऊ पाण्यात बुडाला; या घटनांवरून त्याच्या प्रत्येक चित्राचा उलगडा करण्याची हौस अनेकांना असते. तसे केले की झाकलेली जहाजे आपणच पुन्हा रंगवून ठेवतो.


तैलरंग :

वरील उत्तर सुरेख आहे, पण ते ड्रेस्डेनमध्ये राहणाऱ्या एका अबोल चित्रकाराला जितके लागू पडते तितके पॅरिसला लागू पडत नाही. तिथे कथा होती, पात्रे होती, हातवारे तर भरपूर होते. तेव्हा भावना पात्रातून निघून प्रेक्षकाकडे गेली, हे सूत्र तेओदोर जेरिकोच्या 'मेडुसाचा तराफा' या चित्रासमोर टिकते का, ते तपासले पाहिजे.

घटना थोडक्यात अशी. २ जुलै १८१६ रोजी 'मेडुसा' हे फ्रेंच लढाऊ जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. कप्तानाला नेमणूक मिळाली होती ती वशिल्याने; कित्येक वर्षे त्याने जहाज चालवलेले नव्हते. होड्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुमारे दीडशे माणसे घाईघाईने जोडलेल्या तराफ्यावर चढवली गेली आणि होड्यांना बांधलेले त्याचे दोर थोड्याच वेळात सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी 'आर्गस' या जहाजाला तो तराफा सापडला तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते. मधल्या काळात बंड, कत्तल आणि नरमांसभक्षण हे सगळे होऊन गेले होते. वाचलेल्यांपैकी एक शल्यवैद्य आणि एक अभियंता यांनी १८१७ मध्ये हकिगत प्रसिद्ध केली आणि नेपोलियननंतर आलेल्या नव्या राजवटीची चांगलीच नाचक्की झाली.

जेरिको तेव्हा पंचविशी ओलांडलेला होता. त्याने या दोघांना गाठले, तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, रुग्णालयात जाऊन मरणासन्न माणसांचे चेहरे रेखाटले, तोडलेले अवयव कार्यशाळेत आणून त्यांची अभ्यासचित्रे केली. भावनेची चित्रकला म्हणजे ऊर्मी आली की कुंचला उचलायचा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही तयारी जरूर लक्षात घ्यावी. बातमीदाराला शोभेल इतकी ती कोरडी आहे.

नंतर प्रश्न आला प्रसंगाच्या निवडीचा. बंडाची, नरमांसभक्षणाची आणि सुटकेचीही कच्ची रेखाटने त्याने करून पाहिली आणि बाजूला ठेवली. शेवटी त्याने निवडला तो क्षण, जेव्हा आर्गस क्षितिजावर प्रथम दिसते. सुमारे ४९१ बाय ७१६ सेंटिमीटरच्या त्या अवाढव्य कॅनव्हासवर हे जहाज एखाद्या ठिपक्याएवढे आहे आणि माहीत नसेल तर ते डोळ्यांतून सहज निसटते. खालच्या कोपऱ्यातील प्रेतांपासून देहांची एक चढण उजवीकडे वर जाते आणि तिच्या टोकाला पिंपावर चढून एक कृष्णवर्णीय माणूस कापड हलवतो. शीड मात्र उलट्या बाजूला फुगलेले आहे. म्हणजे वारा तराफ्याला त्या जहाजापासून दूर नेत आहे. देह एका दिशेला आणि वारा दुसऱ्या दिशेला, या ओढाताणीतून जो जीवघेणा ताण निर्माण होतो तो कोणत्याही एका चेहऱ्यावर नाही. सगळ्यांत स्पष्ट दिसणारा चेहरा डावीकडे बसलेल्या वृद्धाचा आहे. मांडीवर तरुणाचे प्रेत धरून तो नेमका विरुद्ध दिशेला, जवळजवळ आपल्याकडे, शून्यपणे पाहत आहे. वर कापड हलवणाऱ्या माणसाची तर पाठच दिसते. तेव्हा क्षितिजरेषा यांचे सूत्र मला अमान्य नाही. फक्त जेरिकोच्या बाबतीत भावना रिकाम्या आकाशात न राहता देहांच्या रचनेत आणि वजनात राहते, अशी दुरुस्ती मी सुचवीन. १८१९ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, हे चित्र 'जहाजफुटीचे दृश्य' एवढ्याच मोघम नावाने लागले होते, पण कोणते जहाज ते न सांगताही सर्वांना कळले.

एक विसंगती मात्र सांगितली पाहिजे. तेरा दिवस उपाशी असलेल्या या माणसांचे स्नायू अगदी पिळदार आहेत. अकादमीत शिकलेले नग्न देहाचे वळण जेरिकोच्या हातातून गेले नव्हते. अभिजात आणि रोमँटिक या दोन छावण्यांची जी भिंत पुस्तके उभी करतात, ती प्रत्यक्षात कॅनव्हासच्या मधूनच जाते.

आता चेहऱ्याविषयी. चेहरा गेलाच, असे म्हणणे घाईचे होईल. पुढे १८२० च्या सुमारास जेरिकोने मनोरुग्णांची व्यक्तिचित्रे केली. परंपरेने त्यांचा संबंध जॉर्जे या डॉक्टरशी जोडला जातो आणि त्यांपैकी पाच आज उपलब्ध आहेत. त्यांत चेहऱ्याखेरीज जवळजवळ काहीच नाही : काळोखी पार्श्वभूमी, साधे कपडे आणि बाजूला कुठेतरी खिळलेली नजर. मत्सराने ग्रासलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृद्धेचे चित्र पाहिल्यास पापण्यांच्या कडा लालसर आणि ओठ आवळलेले दिसतात, पण ल ब्रूंच्या कोष्टकातील मत्सराची मुद्रा तिथे शोधून सापडणार नाही. चेहरा समोर आहे आणि तरीही तो वाचता येत नाही. पाठमोऱ्या पांथस्थापेक्षा हे मला अधिक अस्वस्थ करते.

देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचा मुद्दा राहिलाच. त्याच्या १८२७ च्या 'सार्दानापालसचा मृत्यू' मध्ये असिरियाच्या या दंतकथेतील राजाच्या आज्ञेवरून त्याच्या दासींची आणि घोड्यांची कत्तल चालू आहे, आणि पलंगावर रेललेला राजा हाताला डोके टेकून ते शांतपणे बघतो आहे. चित्रात सर्वांत थंड वस्तू म्हणजे त्याचा चेहरा. सगळा उन्माद पलंगाच्या लाल कापडातून खाली वाहतो. कामगिरी थोर आहे, हे मान्य. पण पूर्वेकडच्या माणसांच्या नावावर आपल्या मनातले क्रौर्य आणि वासना खपवण्याची युरोपीय सवय इथे उघडी पडते, आणि 'भावनेला अग्रस्थान' या गोंडस शब्दांखाली ती झाकली जाऊ नये.


चित्रजिज्ञासू :

दोघांचेही मनापासून आभार. शिडाची दिशा माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. आता चित्राकडे पुन्हा पाहिले तर नजर तिथेच अडकते.

तरीही दोन गोष्टी विचारतो. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या '३ मे १८०८' या चित्राला हे सूत्र लावता येईल का? तिथे तर पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाचा चेहरा आणि पसरलेले हात हेच सर्वस्व वाटते. आणि दुसरे, इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलची शेते, ओढे आणि गाड्या या मंडळींत कशा काय बसतात? तिथे ना वादळ, ना मृत्यू, ना काही अफाट.


क्षितिजरेषा :

गोयापुरते उत्तर देतो. कॉन्स्टेबलवर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे आहेत.

गोयाने हे चित्र १८१४ मध्ये, म्हणजे माद्रिदमधील उठाव फ्रेंच फौजांनी चिरडल्यानंतर सहा वर्षांनी रंगवले. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस आपली नजर धरून ठेवतो, हे खरे. त्याच्या उजव्या तळहातावर एक खूण आहे, जी पाहताच ख्रिस्ताच्या जखमा आठवतात. म्हणजे जुन्या धार्मिक चित्रांची भाषा गोया जाणूनबुजून वापरतो. पण ती भाषा वापरून तो प्रेक्षकाला दिलासा देत नाही. वर आकाशात देवदूत नाही, काळोख आहे. प्रकाश येतो तो जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी कंदिलातून, आणि तो कंदील गोळ्या घालणाऱ्यांच्या सोयीसाठी आणलेला आहे.

आता त्याच्यासमोरचे सैनिक पाहा. ते सगळे पाठमोरे आहेत. एका रांगेत वाकलेले, सारख्याच पवित्र्यात, बंदुका समांतर धरलेले. फ्रीडरिखची पाठ आपल्याला स्वतःच्या जागी बोलावते. इथल्या पाठी भिंतीसारख्या आहेत. तरीही आपण उभे आहोत ते त्यांच्याच बाजूला, त्यांच्या खांद्यांच्या किंचित मागे. तो माणूस आपल्याकडेही हात पसरून पाहतो आहे, याची जाणीव झाली की त्याच्या चेहऱ्यावरील भय केवळ त्याचे राहत नाही.


कोरा कॅनव्हास :

कॉन्स्टेबलची बाजू मी मांडतो, कारण या चर्चांमध्ये त्याला नेहमी दाराबाहेर बसवले जाते.

१८२१ च्या ऑक्टोबरमध्ये फिशर या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आकाश हे निसर्गचित्रातील भावनेचे प्रमुख इंद्रिय आहे, अशा अर्थाचे विधान केले आणि त्याच पत्रात चित्र रंगवणे म्हणजेच भावना असणे, असेही म्हटले. या दोन वर्षांत, १८२१ आणि १८२२ मध्ये, तो लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून केवळ ढगांची तैलचित्रे करत होता आणि अनेक चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशी टिपणे लिहून ठेवत होता. एकीकडे भावनेची भाषा आणि दुसरीकडे हवामानखात्याला साजेशी नोंदवही. जेरिकोच्या तयारीबद्दल वर जे लिहिले आहे त्याचीच ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल. त्याच्या दृष्टीने ढगाचा नेमका आकार आणि मनाची नेमकी अवस्था या वेगळ्या नोंदी नव्हत्या.

अफाट काही नाही, या आक्षेपाचे उत्तर आकारातही आहे. ओढ्यात उभी असलेली गाडी, उनाड कुत्रे, शेतावरचे घर असल्या विषयांना त्या काळच्या रिवाजानुसार छोटा कॅनव्हास पुरे असे. मोठे कॅनव्हास इतिहास आणि पुराणकथांसाठी राखीव असत. कॉन्स्टेबलने १८२१ मधील 'हे वेन' (गवताची गाडी) हे चित्र सहा फुटी कॅनव्हासवर रंगवले आणि त्यासाठी त्याच मापाचे कच्चे चित्रही आधी करून पाहिले. बालपणी पाहिलेल्या ओढ्याला युद्धप्रसंगाइतकी जागा देणे, हे माझ्या मते जहाजफुटीइतकेच धीट पाऊल आहे. हे चित्र १८२४ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये लागले, त्याला सुवर्णपदक मिळाले, आणि ते पाहून देलाक्रवाने आपल्या 'खिओसची कत्तल' या चित्रावर पुन्हा हात फिरवला असे सांगितले जाते. १८२८ मध्ये पत्नी मारिया वारल्यानंतर पुढच्या वर्षी त्याने 'हॅडले कॅसल' प्रदर्शित केले. त्यातले भग्न बुरूज आणि खरबरीत, तुटक फटकारे पाहिल्यावर तो शेतांचा चित्रकार होता, या समजुतीला कोणी चिकटून राहील असे मला वाटत नाही. क्षितिजरेषा यांचा चरित्राविषयीचा इशारा मी वाचला आहे, पण इथे तो मला पाळता येत नाही.

इंग्लिश चित्रकार टर्नरचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण भावना चेहऱ्यातून निघाली याचा सर्वांत टोकाचा पुरावा त्याच्याकडे आहे. १८४२ च्या 'हिमवादळ' या चित्रात बोटीची डोलकाठी आणि धूर यांभोवती सगळे गरगरते, आणि समुद्र कुठे संपतो, आकाश कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. समीक्षकांनी त्याची साबणाचा फेस म्हणून टर उडवली. हे वादळ पाहण्यासाठी आपण स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले होते, असे टर्नर सांगत असे; कथा बहुधा रचलेली आहे, पण प्रेक्षकाला कुठे उभे करायचे याची त्याची कल्पना तीतून कळते.

आणि यातच एक अडचण आहे, जिच्यावर तैलरंग यांचे मत वाचायला आवडेल. १८४० च्या 'गुलामांचे जहाज' या चित्रामागे १७८१ मधील 'झाँग' जहाजाची घटना असल्याचे मानले जाते, जेव्हा विम्याच्या रकमेसाठी सव्वाशेहून अधिक गुलामांना समुद्रात फेकण्यात आले. चित्रात पहिल्यांदा दिसतो तो मावळतीचा तांबडा-पिवळा भडका. उजव्या कोपऱ्यात बेडी अडकलेला एक पाय आणि त्याभोवती माशांची झुंड दिसायला वेळ लागतो. इंग्लिश कलासमीक्षक रस्किनने या चित्रातील पाण्याचे आणि प्रकाशाचे केलेले वर्णन प्रसिद्ध आहे आणि काही काळ हे चित्र त्याच्या मालकीचेही होते. परंतु हे जहाज गुलामांना समुद्रात फेकत आहे, ही गोष्ट त्याने मुख्य मजकुरात न लिहिता तळटीपेत टाकली. भावना रंगांत आणि वादळात इतकी पूर्णपणे उतरवली की माणूस तळटीपेत जाऊ शकतो, हा दोष टर्नरचा मानायचा की रस्किनचा?


तैलरंग :

माझ्या मते रस्किनचा. टर्नरने तो पाय आपल्या सर्वांत जवळ, अगदी चौकटीच्या खालच्या कडेलगत ठेवला आहे आणि जहाज दूर धुक्यात. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी भडका दिसतो हे खरे, पण बेडी एकदा दिसली की त्या तांबड्या रंगाकडे केवळ सूर्यास्त म्हणून पुन्हा पाहता येत नाही. हा उशीर चित्रकाराने योजलेला आहे, असे मी मानतो. ज्यांना तो योगायोग वाटतो त्यांनी प्रदर्शनात चित्रासोबत छापलेल्या टर्नरच्या स्वतःच्या ओळी वाचाव्यात. त्यांत वादळाची चाहूल, मेलेल्यांना आणि मरणाऱ्यांना समुद्रात फेकण्याची आज्ञा आणि बाजारभावाचा उपरोधिक उल्लेख एकापाठोपाठ एक येतात.